बोटीवरचा चार्जर

मथुरेच्या घरात वस्तूंच्या दोन जाती आहेत. बोटीवरच्या आणि घरातल्या. मान आहे तो बोटीवरच्यांना. दोरी असो, बादली असो, नाहीतर साधा पाना. बोटीवरचं म्हणजे दणकट, खाऱ्या पाण्याला पुरून उरलेलं. घरातलं म्हणजे आपलं असंच, मोडलं तर मोडलं. तिच्या एकटीचं नाही, तिच्या सगळ्या पाड्याचं हेच मत. कपडे वाळत घालायची दोरी बोटीवरची, न्हाणीतली बादली बोटीवरची, दाराचा कोयंडा बोटीवरच्या लोखंडाचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "मथुरे, नवरा तरी घरातला आहे का तोही बोटीवरचा?"

"तो पण बोटीवरचाच बाई," ती म्हणाली. "घरात पावसाळ्यापुरता येतो."

ही मथुरा हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी उचलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेकडीवरून दारोदार विकत दापोलीपर्यंत जाते. वय पन्नाशीचं. उंचीनं बेताची, आवाजानं नाही. वरच्या वळणावर ती ओरडली की माझं मांजर पायऱ्यांवर येऊन बसतं. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि मथुरा माझ्या वर्गात होती. हुशार होती. पण विजेचा धडा येण्याआधीच तिनं शाळा सोडली आणि टोपली घेतली. हे उगाच सांगत नाही, पुढे त्याचा संबंध आहे.

टोपली दिली तिला तिच्या सासूनं, चिमाबायनं. नुसती टोपली नाही, जागा दिली. बंदरावरच्या वाळूत प्रत्येक बाईची उभं राहायची जागा ठरलेली असते. कुठे लिहिलेलं नाही, पण अमक्या दगडापासून तमक्या खुंटापर्यंत चिमाबायची, हे सगळं बंदर जाणतं. ती जागा सासूकडून सुनेकडे येते, आणि चार-आठ दिवस तिथे कुणी उभं राहिलं नाही तर शेजारची आपली टोपली सरकवते. नंतर भांडून उपयोग नसतो. वाळूला सातबारा नाही.

चिमाबाय गेल्या थंडीत न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही. वय झालं, हाडं पापडासारखी. बंदरावर जिच्या आवाजाला दलाल दचकत, ती बाई खाटेवर आली. बोटांना कंप, मोबाईल धरवत नाही, बटण तर दाबवतच नाही. जीभ मात्र शाबूत. घरात माणसं तीन: ती, मथुरा आणि मथुरेचा नवरा आनंदा. आनंदा तांडेल, बोट चालवणारा, म्हणजे सहा-सात दिवस समुद्रात. मुलगा विनीत मुंबईला मोबाईलच्या दुकानात कामाला. मग संध्याकाळी मथुरा लिलावाला गेली की म्हातारीजवळ कोण?

विनीत शिमग्याला आला तो कॅमेरा घेऊन. मुठीएवढा पांढरा गोळा, त्याला एक डोळा. म्हातारीच्या उशाशी फळी होती, तिच्यावर त्यानं तो ठेवला, चार्जर खालच्या बोर्डात खोचला, आणि आईच्या मोबाईलवर चित्र आणून दाखवलं. आता मथुरा बंदरावर उभी असली तरी सासू पाणी प्यायली का, कुशीवर वळली का, सगळं दिसणार. शिवाय बोललेलं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ऐकू जाणार.

चिमाबायनं आधी त्या गोळ्याला भरपूर शिव्या घातल्या. "माझ्यावर पाळत ठेवता काय रे मेल्यांनो? आता पळून कुठं जाणार मी?" मग एका संध्याकाळी असं झालं. मथुरेनं बंदरावरून विचारलं, "आये, पाणी प्यायलीस?" आणि तिच्या आवाजाच्या मागे बाबल्या लिलाव पुकारत होता. म्हातारीनं मान उचलली.

"बाबल्या कशाला बोंबलतोय गो? काय आलंय?"

"सुरमय हाय आये. दिसते बरी."

"आता खाकरला काय तो?"

"खाकरला."

"मग सोड. बाबल्या खाकरला की माल कालचा. त्याचा बाप पण असाच खाकरायचा."

मथुरेनं सुरमई सोडली. जिनं घेतली तिला ती दुसऱ्या दिवशी दापोलीत गिऱ्हाइकांनी परत केली. त्या दिवसापासून चिमाबाय संध्याकाळी पाचच्या सुमाराला केस विंचरून मागायची. खाटेवर पडून, डोळे मिटून ती लिलाव ऐकायची आणि मध्येच ओरडायची, "नको!" किंवा "घे गो, घे, काय बघतेस!" बंदरावर मथुरेच्या पदरातून सासूचा आवाज येऊ लागला. बायका हसायच्या. बाबल्यानं खाकरणं बंद करून बघितलं, त्याला जमलं नाही.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना खोडा कोण घालणार? नणंद. राही आंजर्ल्याला दिलेली, खाडीचा पूल ओलांडला की आली. मनानं वाईट नाही, पण आई म्हटलं की तिला सुनेचं काही पटत नाही. "आयेला त्या डबीवर टाकून वयनी बाजारात," असं ती दोन गावांत बोलली. शेवटी नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालायच्या आधी ती भावाच्या समोर बसली आणि आनंदानं बहिणीचं समाधान व्हावं म्हणून सांगून टाकलं, "ठीक आहे. एकदा जरी काय वाईट झालं, तर लिलाव बंद. मथुरा घरात बसेल." सांगून तो समुद्रात निघून गेला. पुरुषांचं बरं असतं.

मथुरेनं मला हे सांगितलं तेव्हा ती कोयता धुवत होती. म्हणाली, "बाई, सकाळची फेरी दुसरं कुणीपण करील. पण संध्याकाळची बंदरावरची येळ माझी हाय. तिथं मला कोण आये म्हणत नाय, सूनबाय म्हणत नाय. मथुरा म्हणतात." मग कोयता झटकून निघून गेली. मथुरा असली वाक्यं रोज बोलत नाही.

तर भाद्रपद उलटल्यावर कॅमेऱ्याचा चार्जर गेला. जाणारच. आमच्या हवेत लोखंड टिकत नाही तिथे त्या बारक्या पितळी पिना काय टिकणार? हिरव्या पडल्या होत्या. दुपारी मथुरा बघते तर कॅमेऱ्याचा दिवा बंद. विनीतला फोन करावा, तर तो बापाला बोलणार, बाप बहिणीला. लिलाव दोन तासांवर. तिनं मग तिच्या रीतीप्रमाणे केलं. बोटीचं पिंप उघडलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोट किनाऱ्यावर ओढतात आणि तिच्यावरचं सगळं सुटं सामान घरी येतं. दिवे, वायरी, विजेऱ्या, वायरलेसचे तुकडे, सगळं एका निळ्या पिंपात. पौर्णिमेनंतर हवं ते परत जातं, उरलेलं पिंपात राहतं. त्यात मथुरेला एक काळा, जाडजूड चार्जर सापडला. बोटीवरच्या मोठ्या विजेरीचा. कॅमेऱ्यात पिन घालून बघितली, बसली. बटण दाबलं, दिवा लागला. मोबाईलवर चित्र आलं. म्हातारीनं हात हलवून दाखवला. बोटीवरचा चार्जर म्हटल्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. तिनं चिमाबायचे केस विंचरले, डास येतात म्हणून मच्छरदाणी सोडली, आणि गेली बंदरावर.

त्याच संध्याकाळी मी दापोलीहून चिमाबायच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या द्यायला खाली उतरले. अंधारू लागलं होतं. ओटीवर पाय ठेवते तोच आतून आरडाओरडा.

"मथुरे! अगो मथुरे! बहिरी झालीस काय?"

आणि वास. जळक्या प्लॅस्टिकचा. हा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

"कोण ता?" चिमाबाय म्हणाली. "बाई तुम्ही? बघा ना, मघाधरनं या गोळ्याला बोलावतेय, तर त्याचा डोळा मिटतोय नि उघडतोय. आणि नाकात कायतरी जातंय."

मी बोर्डाला हात लावला नाही. दाराशी मेन स्विच आहे तो खाली पाडला, मोबाईलची बत्ती लावली आणि आत गेले. मच्छरदाणीची खालची झालर बोर्डावर पडली होती. तिच्याखाली तो काळा चार्जर मेणासारखा वाकला होता आणि झालरीला बशीएवढं भोक पडलं होतं, कडेनं काळं, अजून धुमसणारं. मी तांब्यातलं पाणी हातानं शिंपडून ते विझवलं. तिथून चिमाबायची उशी वीतभर. आणि ही बाई स्वतःहून कुशीवरही वळू शकत नाही.

मी खाट ओढली. माझ्या वयाला शोभेल तेवढीच सरकली, पण सरकली.

तेवढ्यात मथुरा धावत आली. चित्र तुटक येत होतं तेव्हा तिला वाटलं रेंज नाही. मग काळं झालं तेव्हा तिनं टोपली शेजारच्या जागेवरच्या हेतलकडे टाकली आणि पळत सुटली. दारात उभी राहून तिनं ते भोक बघितलं. मग खाली बसली आणि सासूचे पाय धरले.

मला राग आला की मी शांत राहत नाही. "काय लावलंस हे?"

"बोटीवरचा होता बाई. पिन बसली."

"पिन बसली? पाय बसला म्हणून कुणाचीही चप्पल घालून घरी येतेस?"

"दुपारी चांगला चालला."

"दुपारी उजेड होता! अंधार पडला की या कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवतीचे बारके दिवे लागतात. तुला नुसते लाल ठिपके दिसतात, पण त्याला अंधारात दिसावं म्हणून ते असतात. तेव्हा त्याला वीज जास्त लागते. बघ इथे." मी कॅमेऱ्याच्या पोटावरचं लिखाण तिला दाखवलं, मग पदरानं धरून त्या चार्जरच्या पाठीवरचं. "व्होल्ट पाच आणि पाच. ते जुळलं तुझ्या नशिबानं. नाहीतर कॅमेराच जळला असता. आता ही बाजू बघ. कॅमेऱ्याला दोन अँपिअर पाहिजेत. याची ताकद अर्ध्याची. विजेरी रात्रभर हळूहळू भरायची म्हणून केलेला तो. दिसायला रेडा, कामाला कोंबडी!"

मथुरेला ते समजलं की नाही कोण जाणे, पण चिमाबाय मच्छरदाणीतून म्हणाली, "म्हणजे छोट्या होडीच्या इंजिनाला मोठी बोट ओढायला लावली."

"बरोब्बर."

"मग इंजीन तापणारच गो मथुरे. आणि त्याच्यावर गोधडी टाकलीस."

"मच्छरदाणी, आये."

"तेच ता."

मथुरा मग रडली. जरा वेळानं डोळे पुसून म्हणाली, "राहीतायला सांगू नका बाई."

"आपण होऊन सांगणार नाही," मी म्हटलं. "पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि खरं तर तूच सांगितलेलं बरं."

त्या रात्री तिनं मच्छरदाणीचं भोक शिवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपुरतं शेजारणीला चिमाबायपाशी बसवून आम्ही दोघी दापोलीला गेलो. भावेशचं इलेक्ट्रॉनिकचं दुकान. जुना, मेलेला चार्जर आणि कॅमेरा दोन्ही मी पिशवीत घेतले होते. अशा खरेदीला नुसतं वर्णन घेऊन जाणं म्हणजे डोळ्यांचा नंबर तोंडी सांगण्यासारखं आहे.

भावेशनं कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. एक खोकं पुढे टाकलं. "हा घ्या बाई. युनिव्हर्सल. आठ पिना, आणि हा खटका. तीन व्होल्ट म्हणा, पाच म्हणा, बारा म्हणा. घरातलं सगळं याच्यावर चालतं."

मथुरेचा हात पुढे गेलाच. कारण तिला त्याच संध्याकाळी बंदरावर जायचं होतं.

"थांब," मी म्हटलं. "भावेश, हा खटका झाडूच्या फटक्यानं सरकून पाचाचा बारा झाला तर?"

"कोण सरकवतंय बाई?"

"आणि ही पिन उलटीही बसते. उलटी बसली तर अधिकचं उणं होतं. मग?"

"मग... तसं बघून लावायचं."

"ही लावणार कधी, तर लिलावाच्या घाईत. म्हातारीच्या उशाशी. दुसरं दाखव."

त्यानं दुसरा काढला. पांढरा, गुळगुळीत, पिसासारखा हलका. पाठीवर अक्षरं होती ती फिकट, कंपनीचं नाव वाचता येईना, आणि भारतीय मानकांची खूण तर नव्हतीच. मी तो परत ठेवला. आतमध्ये सुरक्षेसाठी जे भाग घालायचे ते गाळले की वजन असं कमी होतं. वजन जास्त म्हणजे चांगलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. काल रात्रीचा जाडजूडच होता.

"बाई, तुम्ही लग्नाला मुलगा बघताय काय?" भावेश म्हणाला.

"मुलगा बघताना एवढं बघितलं असतं तर निम्मी लग्नं झाली नसती. ऐक. व्होल्ट पाच, त्याला कमीजास्त चालणार नाही. अँपिअर दोन किंवा वर, कमी नको. पिनेच्या आत अधिक आणि बाहेर उणं, या जुन्यावर हे गोल काढलंय ना, तस्सं. मानकाची खूण आणि नंबर. याच कंपनीचा मागवलास तर उत्तम."

"मागवतो. पण चार-पाच दिवस लागतील."

दुकानाबाहेर पडल्यावर मथुरेनं तोंड उघडलं. "तुम्हाला काय बाई, तुम्हाला बंदरावर जायचं नाय. काल मी टोपली टाकून आले, आज गेले नाय, तर ती हेतल माझ्या दगडावर चढून बसंल. तिचा डोळा हायच. तो खटक्याचा घेतला असता तर मी सांभाळून लावला असता."

"काल सांभाळूनच लावला होतास ना?"

हे लागलं तिला. लागू दे. पण बसमध्ये शेजारी बसल्यावर मला तिच्या पायांकडे बघवेना, एक टाच सारखी वर-खाली चालली होती. मी म्हटलं, "चार्जर येईपर्यंत संध्याकाळी मी बसते चिमाबायपाशी. तू जा तुझ्या दगडावर."

तिची टाच थांबली. मग म्हणाली, "तुम्हाला आयेचं बोलणं सोसंल काय?"

सोसलं नाही. चिमाबाय माझ्यावर खूश नव्हती. मी पुस्तक घेऊन बसायची, ती उसासे टाकायची. "बाबल्या आता ओरडत असंल." "होड्या लागल्या असतील." "काय आलं असंल?" माझ्या मोबाईलवरून मथुरेला फोन लावून तिच्या कानाशी धरायची मी, पण तिचं म्हणणं, "तुमचा हात हलतो. तुम्ही मधेच बोलता. तो गोळा बोलत नाय." मी तिला सांगितलं की ज्या गोळ्यानं तू भाजून निघाली असतीस त्याचं एवढं कौतुक नको. तर म्हणते, "गोळ्यानं काय केलं? त्याला उपाशी ठेवला तुम्ही."

माझ्याच शिकवणीतलं वाक्य. काय बोलणार?

भावेशचा निरोप आला तशी मथुरा सकाळच्या फेरीतच जाऊन चार्जर घेऊन आली. चारही गोष्टी मी चष्मा लावून तपासल्या. तिनंही तपासल्या, माझ्या आधी, बोट ठेवून. "पाच. दोन. गोलात अधिक. खूण हाय." मग आम्ही जागा बदलली. कॅमेरा समोरच्या भिंतीवर खिळ्याला, बोर्ड त्याच्या खाली उघड्यावर, खाटेपासून दूर, मच्छरदाणी कितीही उडाली तरी पोचणार नाही असा. मी म्हटलं, आज अंधार पडेपर्यंत मी बसते, हात लावून बघते तापतो का, मग उद्यापासून मोकळी. मथुरा बंदरावर गेली.

आणि राही आली.

हातात नारळीपाकाच्या वड्यांचा डबा, तोंडावर नेहमीची तपासणी. आईच्या कपाळावर हात ठेवला, उशी सारखी केली, मच्छरदाणी बाजूला करायला झालर हातात घेतली, आणि थांबली.

तिनं ते शिवण बोटांत धरलं. मथुरेनं भोक शिवलं होतं ते जाळ्याच्या सुईनं, जाळ्याच्या दोऱ्यानं, जाळ्याच्या गाठी मारून. दुसरं शिवण तिला येतच नाही. बोटीवरचं ना ते! मच्छरदाणीच्या तलम कापडावर ते ठिगळ असं दिसत होतं की जणू आत सुरमई अडकवायची आहे.

"ही गाठ आमच्या घरातली," राही म्हणाली. "आणि हे काळं काय? जळलंय. बाई, काय झालं इथं?"

तिनं विचारलं होतं. मी सांगितलं. सगळं, चार्जर कुठून आला इथपासून मी मेन स्विच पाडला इथपर्यंत.

राही पांढरी पडली, मग लाल झाली. "म्हणजे माझी आये जळून मेली असती. आणि वयनी बंदरावर पापलेटं निवडत होती. आणि मला सांगितलं नाय! दादा काय बोलला होता? एकदा जरी काय झालं तर. झालं की! येऊ दे त्याला. संपला लिलाव."

"आवाज खाली कर," चिमाबाय म्हणाली.

"आये, तू मधी बोलू नको."

"माझी खाट, माझी मच्छरदाणी, आणि मी बोलू नको? बस खाली." राही बसली. त्या घरात बसतातच. "तुझ्या बाबानं बोट खडकावर घातली होती, आठवतं तुला? तू एवढी होतीस. किल्ल्याच्या मागच्या अंगाला, धडधडीत उजेडात. माणसं पोहत आली. मग काय केलं आपण? बोट इकली काय? त्याला घरात बसवला काय?"

"ते येगळं."

"काय येगळं? खडक कुठं ते तो शिकला, पुन्यांदा नाय गेला. ही पण शिकली. सकाळी माझ्यासमोर वाचून दाखवलंन तिनं, पाच नि दोन नि काय काय ते. बाप चुकला तर दर्या, आणि सून चुकली तर गुन्हा?"

"पण लपवलंन कशाला?"

चिमाबायनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिनं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते आत्ताच करून दाखवलंस ना?"

राहीनं तोंड फिरवलं. बाहेर अंधारत होतं. कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती तो मंद लाल ठिपक्यांचा गोल उमटला. मी उठून चार्जरला हात लावला. कोमट. मांजराच्या पोटाएवढा. राहीनंही येऊन हात लावला, पालथा, ताप बघतात तसा.

आणि भिंतीवरून आवाज आला, लाटा, गलका, आणि मथुरा. "आये, दिसतेस गो! गोळ्या घेतल्यास? सुरमय लागलीय, मोठी हाय, काय करू?"

मागे बाबल्या पुकारत होता. चिमाबायनं डोळे मिटले. "वर धर जरा. ऐकू दे."

राही भिंतीकडे बघत उभी होती. लग्न होईपर्यंत ती याच वाळूत आईच्या टोपलीमागे वाढलेली. आंजर्ल्याला तिच्या सासरी नारळी-पोफळी, लिलाव नाही. तिची मान आपोआप आवाजाकडे कलली.

"खाकरला नाय," ती हळूच म्हणाली.

"नाय," चिमाबाय म्हणाली. "पण थांब. दुसऱ्यांना बोलू दे आधी."

"कशाला थांबायचं आये? ताजी हाय, तो घाईत बोलतोय बघ, बर्फ संपलाय त्याच्याकडं." आणि राही भिंतीपाशी जाऊन कॅमेऱ्याच्या तोंडात ओरडली, "वयनी! घे ती! सोडू नको!"

तिकडे गलक्यात क्षणभर नुसत्या लाटा. मग मथुरेचा आवाज, एकदम बारीक. "राहीताय? तू कधी आलीस?"

"मेले, ते मागून विचार! ती दुसरी बोलतेय बघ, हेतल ती, वर जा तिच्या! वर जा!"

मथुरा वर गेली. हेतल वर गेली. राही भिंतीवर हात आपटत होती, चिमाबाय खाटेवरून "बस, बस गो, पुरे" करत होती, आणि राहीला ते ऐकू जात नव्हतं. मी माझी पिशवी उचलली आणि घरी गेले. माझं काम चार्जर थंड आहे हे बघायचं होतं, ते झालं होतं.

आनंदा परत आल्यावर राहीनंच त्याला सगळं सांगितलं. जळकं ठिगळसुद्धा दाखवलंन. लिलाव बंद करायचा विषय मात्र तिनं काढला नाही, आणि आनंदा आपण होऊन विषय काढणाऱ्यांतला नाहीच. तिनं हुकूम सोडला तो पिंपाबद्दल: बोटीचं पिंप यापुढे घरात येणार नाही, पडवीत राहील. ते आनंदानं निमूट उचलून पडवीत नेलं.

पण हे नंतर. त्या लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरा वरच्या वळणावर ओरडली, मांजर पायऱ्यांवर आलं, आणि तिनं टोपली उतरवली. वर मोठी सुरमई.

"ही कालची?" मी विचारलं.

"हीच. ताजी हाय, त्यात खोट नाय. पण राहीतायनं इतकी वर न्यायला लावलीन की इकून माझ्या पदरात खवलंच पडायची."

"मग सांगितलंस तिला?"

मथुरेनं कोयता काढला, सुरमई पाटावर आडवी घातली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू विजेच्या धड्याआधी शाळा मीच सोडली होती.

"खुळी काय मी बाई? राहीताय आता दर मंगळवारी येणार हाय, आयेपाशी बसून लिलाव ऐकायला. कालच बोलली." तिनं डोकं वेगळं केलं. "तुकडे जाड करू की पातळ?"